अमेरिकेतल्या पुतणीला ड्रावे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा, फिट्सचा गंभीर आजार) आहे. डॉक्टर 'एक्सपांडेड ॲक्सेस'मधून अजून मंजुरी न मिळालेलं औषध देऊ म्हणतात. म्हणजे तिच्यावर प्रयोग करणार का?

ट्रायल वेगळी आणि हे वेगळं. ट्रायलमध्ये मूल प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली डोसच्या) गटात जाऊ शकतं, इथे औषध मिळतंच. आजार गंभीर असेल, मंजूर औषधांनी भागत नसेल आणि ट्रायलमध्ये घेता येत नसेल, तर एफडीए (अमेरिकेतली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ही परवानगी देते. अर्थात औषध अजून तपासलं जातंय, हे खरंच आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या लेकीलाही ड्रावे आहे, आणि कॅनाबिडिऑल (भांगेच्या झाडातला, नशा न आणणारा घटक) तिला असंच मिळालं होतं. त्याला जून २०१८ मध्ये एपिडायोलेक्स नावाने मंजुरी मिळाली.

लोकांना वाटतं अडवणूक सरकार करतं. खरं तर गाडी अडते कंपनीपाशी. औषध द्याच, अशी सक्ती एफडीए कंपनीवर करू शकत नाही. म्हणून भावाला पहिल्यांदा विचारा, कंपनीने लेखी होकार दिलाय का? तो नसेल तर अजून काहीच ठरलेलं नाही. बाकी अर्ज, नीतिसमितीची मान्यता वगैरे डॉक्टर बघतात.

आता फायदा किती? कॅनाबिडिऑल या मार्गाने घेतलेल्या मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात मोटर फिट्स (शरीराच्या हालचालींत दिसणाऱ्या) मध्यकाने, म्हणजे मधोमधच्या मुलाच्या आकड्याने, ३६.५ टक्के घटल्या होत्या. ऐकायला छान. पण तिथे तुलनेला प्लासिबोचा गटच नव्हता. पुढच्या वर्षी ड्रावेच्या ट्रायलमध्ये औषधावर ३९ टक्के घट दिसली आणि प्लासिबोवरही १३ टक्के! आशा ठेवा, पण हिशेब करताना हे १३ विसरू नका.

आमच्याकडे फिट्स कमी झाल्या, थांबल्या नाहीत. सुरुवातीला लेक दिवसभर पेंगायची. कॅनाबिडिऑलमुळे क्लोबाझाम या फिट्सच्या दुसऱ्या औषधापासून बनणारा एक घटक रक्तात वाढतो, म्हणून डॉक्टरांनी क्लोबाझाम कमी केलं, मग ती ताळ्यावर आली. व्हॅल्प्रोएट (हेही फिट्सचंच औषध) सोबत असेल तर लिव्हरच्या तपासण्या लागायच्या. पुतणीचं औषध वेगळं असेल, पण चालू औषधांशी त्याचं कसं जमतं हे डॉक्टरांना विचाराच. तपासण्यांचा खर्च विमा देतो का, तेही विचारा. औषध फुकट मिळालं तरी बाकीची बिलं येतात.

फिट्सची वही आजपासूनच ठेवायला सांगा, नंतर आठवून लिहिलेल्याला अर्थ नसतो. आणि नातेवाइकांपैकी कुणी भांगेच्या तेलाची बाटली पाठवत असेल (आम्हाला तीन दिशांनी सल्ले आले होते) तर ती परत करा. तिच्यात टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) किती, कुणालाच माहीत नसतं, आणि मग कशाने काय झालं ते डॉक्टरांनाही कळणार नाही.