सक्तीचे विलगीकरण कायदेशीर होते का?

प्रश्न : डिसेंबर २०२० मध्ये लंडनहून मुंबईत उतरलेल्या माझ्या मुलीला लक्षणे नसतानाही स्वखर्चाने हॉटेलात विलगीकरणात राहावे लागले. ही स्वातंत्र्याची पायमल्ली नव्हे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : निर्बंध कडक होता, पण बेकायदा नव्हता. संचारस्वातंत्र्यावर जनहितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा संविधानाच्या अनुच्छेद १९(५) मध्येच आहे आणि साथरोग कायदा तर १८९७ मध्ये मुंबईतील प्लेगच्या वेळीच झाला. ब्रिटनमध्ये विषाणूचा वेगाने पसरणारा प्रकार आढळला होता आणि लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग होत असल्यामुळे केवळ ताप तपासून प्रवाशांना घरी सोडणे धोक्याचे होते.

तथापि 'वाजवी' या शब्दाला वजन आहे. पुण्यात प्लेगच्या वेळी सैनिकांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्यांनी लोक किती दुखावले होते, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. दाराबाहेर ठेवलेले जेवणाचे डबे आणि न उघडणारी खिडकी एवढ्यावर दिवस काढणाऱ्या प्रवाशाला लेखी आदेश, सुटकेची निश्चित तारीख आणि डॉक्टरांची सोय मिळायलाच हवी. खर्चाबाबतची आपली तक्रार मला रास्त वाटते. समाजाच्या रक्षणासाठी शासन एखाद्याला अडवून ठेवते, तेव्हा निदान ऐपत नसलेल्यांचा भार शासनानेच उचलला पाहिजे.