वडाली बंधूंना कव्वाल म्हणावे का?

‘रंगरेज’ हे गाणे ऐकून आपण विचारले आहे की, वडाली बंधू मुळात कोण, त्यांना लोकगायक म्हणायचे, कव्वाल म्हणायचे की शास्त्रीय गायक, आणि चित्रपटांतून त्यांचा आवाज घरोघरी पोहोचण्याआधी ते काय करीत होते. मी संगीताचा अभ्यासक नाही, परंतु पंजाबी काफी, म्हणजे सूफी संतकवींच्या पदांचे गायन, अनेक वर्षे आवडीने ऐकत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

पूरनचंद आणि प्यारेलाल वडाली हे पंजाबचे काफी गायक. वर्तमानपत्रे त्यांचा उल्लेख सर्रास ‘कव्वाल’ असा करतात, पण तो शब्द त्यांच्या गाण्याला नीट लागू पडत नाही, आणि ‘लोकगायक’ म्हटले तर त्यांच्या गळ्यावर झालेले पतियाळा घराण्याचे संस्कार हिशेबातून सुटतात.

‘वडाली’ हे आडनाव गावावरून आलेले आहे. अमृतसर शहराच्या पश्चिमेला अगदी जवळच ‘गुरू की वडाली’ नावाचे गाव आहे. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांचा जन्म १५९५ साली याच गावी झाला. त्यांचे वडील गुरू अर्जन यांनी या परिसरात सहा रहाट चालतील एवढी मोठी विहीर खोदविली आणि तिच्यावरूनच शेजारच्या वस्तीला छेहर्टा हे नाव पडले. अशा गावात वडाली कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या संतवाणी गात आले. पूरनचंद आणि प्यारेलाल ही त्या परंपरेतली पाचवी पिढी मानली जाते.

असे असले तरी पूरनचंद यांचे मन आधी गाण्यात नव्हते, कुस्तीत होते. त्यांनी सुमारे २५ वर्षे आखाड्यात घालविली. त्यांनी गाणे शिकलेच पाहिजे हा आग्रह वडिलांचा, ठाकुरदास वडाली यांचा. धाकटे प्यारेलाल गावच्या रासलीलेत कृष्णाची भूमिका करीत आणि त्या चार पैशांचा घरखर्चाला हातभार लागे. थोरला पैलवान आणि धाकटा कृष्ण ही जोडी ऐकायला गमतीची वाटते, पण त्या गावाच्या इतिहासात ती विसंगत मुळीच नाही. गुरू हरगोबिंद यांनी मल्लविद्येला उत्तेजन दिले आणि अब्दुल्ला व नत्था या ढाडी गायकांना आश्रय देऊन वीरगाथा गाण्याची परंपराही रुजविली. त्यामुळे एकाच अंगणात तालीम आणि गाणे नांदणे तिथे नवलाचे नव्हते. पूरनचंद यांच्या दमसासाचे श्रेय कुस्तीला द्यावे असा मोह होतो खरा, परंतु दमसास असलेले सगळेच काही पैलवान नसतात, म्हणून मी तो मोह आवरता घेतो.

पूरनचंद यांनी पंडित दुर्गादास आणि पतियाळा घराण्याचे उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली. प्यारेलाल यांना शिकविले ते थोरल्या भावाने, आणि शेवटपर्यंत त्यांनी भावालाच गुरू मानले. या गुरुपरंपरेतला एक योगायोग मला फार मोलाचा वाटतो. बडे गुलाम अली खाँ यांचा जन्म १९०२ साली कसूरचा, आणि सूफी संतकवी बुल्ले शाह यांची मजारही कसूरलाच. ज्यांच्या काफ्या वडाली बंधूंनी आयुष्यभर गायिल्या, त्या संतकवीच्या गावचा गवई त्यांना गुरू म्हणून लाभला. फाळणीनंतर कसूर पाकिस्तानात गेले, खाँसाहेब काही काळ तिकडे राहून पुन्हा भारतात आले आणि १९६८ साली हैदराबाद येथे निवर्तले. ख्यालाइतकेच ते ठुमरीसाठी गाजले, आणि त्यांच्या ठुमरीत पंजाबच्या लोकसुरांचा अंश उघडपणे ऐकू येतो. शास्त्रीय संगीत आणि लोकसंगीत यांच्यामधली भिंत या घराण्यात पहिल्यापासूनच ठेंगणी होती, हे ध्यानात घेतले तर आपल्या प्रश्नातला ‘हे की ते’ हा पेच बराचसा सैल होतो.

त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात मात्र एका नकाराने झाली. जालंधरच्या देवी तलाव परिसरात दर डिसेंबरात हरवल्लभ संगीत संमेलन भरते. १८७५ साली सुरू झालेले हे संमेलन देशातल्या सर्वांत जुन्या संगीत महोत्सवांपैकी एक आहे. हे दोघे भाऊ १९७५ साली तिथे गाण्यासाठी गेले, तेव्हा त्यांचा एकंदर अवतार पाहूनच त्यांना व्यासपीठावर जाऊ दिले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. खट्टू झालेल्या भावांनी निदान देवापुढे तरी सेवा रुजू करावी म्हणून तिथल्या मंदिरात गाणे मांडले, आणि ते आकाशवाणीच्या जालंधर केंद्रातील एका अधिकाऱ्याच्या कानी पडले. त्यातूनच त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. गावाबाहेर त्यांचे नाव झाले ते इथून पुढे. शंभर वर्षे गवयांची पारख करीत आलेल्या ठिकाणी गळा ऐकण्याआधी कपडे पाहिले गेले, याचे मला आजही वाईट वाटते. त्यांनी स्वतः त्याचा कडवटपणा मिरविला नाही, हा भाग वेगळा.

आता कव्वालीचा मुद्दा. कव्वाली हे मेळ्याचे गाणे आहे. मुख्य गायकामागे साथीदारांची रांग असते, टाळ्यांचा ठेका असतो, ओळ उचलून परत फेकणारा समूह असतो आणि लय चढत चढत श्रोत्याला सोबत ओढून नेते. काफी हा मुळात काव्यप्रकार. शाह हुसैन, बुल्ले शाह, ख्वाजा गुलाम फरीद यांनी तो पंजाबी आणि सराइकी भाषांत समृद्ध केला. तिच्यात एक ध्रुवपदाची ओळ असते आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर गायक त्या ओळीकडे परततो. ती गायला मेळा लागत नाही, एकटा गायकही पुरतो. वडाली बंधूंच्या बैठकीतही साथीला माणसे असत, टाळीही पडे, पण गाण्याचा सगळा भार दोन आवाजांच्या देवघेवीवर असे.

त्यांची मांडणी कशी चाले ते थोडे तपशिलाने सांगतो. सुरुवातीला सावकाश आलाप होई. मग तालाशिवाय एखादा दोहडा, म्हणजे दोन ओळींचे सुटे कवन, जे पुढे येणाऱ्या काफीचा भाव आधीच सांगून ठेवते. त्यानंतर काफीची पहिली ओळ येई आणि तबला तिला येऊन मिळे. ती ओळ पूरनचंद आपल्या भरड, भारदस्त आवाजात धरून ठेवीत, आणि प्यारेलाल अधिक टोकदार आवाजात तिच्यातून बाहेर पडून वरच्या पट्टीत सरगम घेत, तान टाकीत आणि नेमके समेवर थोरल्या भावाच्या शब्दाला येऊन भिडत. अंतऱ्याची घाई कधीच नसे. मध्येच गाणे थांबवून पूरनचंद एखादी कथा सांगत, कधी विनोद करीत, आणि श्रोते हसत असतानाच ती ओळ पुन्हा उचलीत. आपल्याकडचा कीर्तनकार अभंगाच्या एका चरणावर आख्यान लावून पुन्हा त्याच चरणावर येतो, त्याच्याशी हे फार जुळते. कथा ऐकून झाल्यावर आलेली ओळ शब्दाने तीच असली तरी वजनाने ती पहिली राहत नाही.

या कथांमध्ये बुल्ले शाह आणि त्यांचे मुर्शिद, म्हणजे आध्यात्मिक गुरू, शाह इनायत यांची कथा मध्यवर्ती असते. बुल्ले शाह सय्यद कुळातले, तर इनायत अराईं, म्हणजे बागाईत करणाऱ्या जातीचे. सय्यदाने माळ्याला गुरू करावे हे नातलगांना सहन झाले नाही, आणि त्यांनी घातलेली समजूत आणि त्यांना मिळालेले उत्तर दोन्ही काफ्यांतून आले आहेत. पुढे मुर्शिद रुसले, तेव्हा त्यांचे मन वळविण्यासाठी बुल्ले शाह नाचणारीच्या वेशात त्यांच्यापुढे नाचले, असे परंपरा सांगते. प्रेमिकेने प्रियकराला आळवावे तशी भाषा या काव्यात येते ती अशी गुरूच्या संदर्भात येते. वडाली बंधूंची ‘घुंघट चुक’ ही काफी ऐकताना हा संदर्भ हाताशी नसेल, तर ते साधे प्रेमगीत वाटते. तसे ऐकण्यात गैर काही नाही, परंतु मग त्यातला अर्धा ऐवज हाती येत नाही.

दोघे काफीबरोबर गुरबानी (शीख गुरूंची वाणी), भजन, गझल आणि हीरही गात. वारिस शाह यांनी १७६६ साली रचलेली ‘हीर’, म्हणजे हीर-रांझा यांची काव्यकथा, परंपरेने भैरवीत गायिली जाते, आणि पंजाबात तिचे सूर कानी पडले की गावकरी आपसूक थबकतात. या सरमिसळीचे बाहेरच्यांना नवल वाटते, मात्र पंजाबात तिला शतकांचा आधार आहे. गुरू ग्रंथ साहिबात सूफी संत शेख फरीद यांची वाणी आहे, कबीर आहेत, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदेही आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी नामदेवांचे स्थान आजही मोठ्या श्रद्धेने सांभाळले जाते. तेव्हा ‘हे शीख परंपरेच्या गावात राहून सूफी काव्य कसे काय गात?’ या शंकेचे उत्तर त्या गावाच्या रोजच्या पाठातच आहे.

चित्रपटांत ते आले ते उतारवयात. २००३ सालच्या ‘पिंजर’मध्ये उत्तम सिंग यांच्या संगीतात त्यांनी गायिले. अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटात, फाळणीच्या वेळच्या स्त्रियांच्या आक्रोशाने वारिस शाह यांना साद घालणारी अमृता प्रीतम यांचीच कविता आहे. सरहद्दीला इतक्या लागून असलेल्या गावात वाढलेल्या गायकांनी ती गाणे याला नुसत्या पार्श्वगायनापेक्षा अधिक अर्थ आहे. २०११ साली ‘तनु वेड्स मनु’मधले ‘रंगरेज’ आले आणि पंजाबी न कळणाऱ्या तरुण श्रोत्यांपर्यंत त्यांचे नाव गेले. ते गाणे मलाही आवडते. संगीतकाराने त्यांना त्यांच्या पद्धतीने मोकळे सोडले आहे हे जाणवते. परंतु चित्रपटाच्या गाण्याला लांबीची मर्यादा असते, आणि एका ओळीवर दहा दहा मिनिटे रेंगाळणे हेच ज्यांचे बलस्थान, त्यांची ओळख अशा गाण्यावरून अपुरीच होणार.

त्यांची ध्वनिमुद्रणे त्यांच्या कीर्तीच्या मानाने कमी आहेत. आपण संतांचा निरोप पोहोचविणारे आहोत, देवाच्या नावाने केलेल्या गाण्याचा बाजार मांडू नये, अशी त्यांची धारणा होती, आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या गर्दीपेक्षा आलाप-तानेवर त्यांचा भरवसा अधिक होता. गावच्या वडिलोपार्जित घरीच राहून त्यांनी शिष्यांना विनामूल्य शिकविले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार दोघांना मिळाला आणि २००५ साली पूरनचंद यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री एकट्या थोरल्यांच्या नावे असणे मला खटकते. ज्या गाण्यासाठी ती दिली गेली, ते गाणे दोघांचे होते.

९ मार्च २०१८ रोजी प्यारेलाल यांचे अमृतसर येथे, वयाच्या सुमारे ७५व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर पूरनचंद आपले पुत्र लखविंदर वडाली यांच्यासह गाऊ लागले. लखविंदर यांचा गळा तयारीचा आहे आणि आधुनिक वाद्यमेळातही ते सहज वावरतात. मात्र त्या दोघांच्या गाण्यात एक जण नेतो आणि दुसरा सांभाळून घेतो असे दिसते, भावाभावांमधली ती बरोबरीची खेचाखेच तिथे नाही. हा लखविंदर यांचा दोष नव्हे, वडील आणि मुलगा शेजारी बसले की नाते वेगळे होते, आणि गाणेही.

आपल्याला ऐकायला सुरुवात करायची असेल, तर ‘तू माने या ना माने’ या गाण्याच्या एखाद्या जुन्या बैठकीतल्या ध्वनिमुद्रणापासून करावी, स्टुडिओतल्या आवृत्तीपासून नको. त्यात पूरनचंद मध्ये बोलतात तो भाग पुढे ढकलू नये, पंजाबी पुरती कळली नाही तरी हिंदीच्या आधाराने बरीचशी लागते. मग ‘घुंघट चुक’ ऐकावे आणि त्यानंतर बडे गुलाम अली खाँ यांची एखादी ठुमरी ऐकावी, म्हणजे प्यारेलाल यांच्या ताना कोणत्या घरच्या आहेत हे कानाला आपोआप कळेल. ‘पिंजर’मधली कविता मात्र आधी मराठी किंवा हिंदी अनुवादात वाचून मगच ऐकावी.