गॅबॉनमध्ये लोकशाही आहे की लष्करशाही? तिथलं सरकार नक्की कसं चालतं?

तुम्ही विचारलंय की राजधानी लिब्रेव्हिलजवळच्या न्कोकला प्लायवुडच्या कारखान्यात नोकरी मिळतेय, घरचे म्हणतात तिथे मिलिटरीचं राज्य आहे जाऊ नकोस, तर खरं काय आहे. मी न्कोकलाच व्हीनियरच्या (प्लायवुडचे लाकडाचे पातळ थर) लाइनवर साडेतीन वर्षं काढली, २०२२ च्या सुरुवातीपासून २०२५ च्या मध्यापर्यंत, म्हणजे इलेक्शन, उठाव, सार्वमत आणि परत इलेक्शन हे सगळं मी तिथे असतानाच झालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर आज तिथे निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आहे, ब्रिस ओलिगी न्गेमा, तो आधी जनरल होता, आणि जवळजवळ सगळ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला आहेत. पण एवढ्यावरून काही कळत नाही, थोडं मागे जावं लागेल.

देश १९६० ला फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष लेओन एम्बा, त्यांना १९६४ मध्ये सैनिकांनी खाली खेचलं तर फ्रान्सने सैन्य पाठवून दोन दिवसांत परत खुर्चीवर बसवलं. १९६७ ला ते वारले आणि ३१ वर्षांचे ओमर बोंगो आले, ते २००९ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे ४१ वर्षं. मग त्यांचा मुलगा अली बोंगो, आणखी १४ वर्षं. एकाच घरात जवळपास ५६ वर्षं सत्ता. माझ्या लाइनवरचा ऑपरेटर पंचेचाळिशीचा होता, त्याने आयुष्यात बोंगो सोडून दुसरं आडनाव राष्ट्राध्यक्षाला लागलेलं पाहिलंच नव्हतं.

आता कोणी म्हणेल मग इलेक्शन होत नव्हती का, तर होत होती की. १९६८ पासून एकच पक्ष होता, बोंगोंचाच, पेडेजे (PDG) म्हणतात त्याला, १९९० मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा बाकीच्या पक्षांना परवानगी मिळाली. घटना होती, संसद होती, सिनेट होती, पंतप्रधान होता, घटना कोर्ट होतं. कागदावर बघाल तर अगदी फ्रान्सची कॉपी. पण राष्ट्राध्यक्षाने किती वेळा उभं राहायचं यावरची मर्यादा २००३ मध्ये काढून टाकली, २०१८ मध्ये दोन फेऱ्यांचं मतदान आणलं (कोणाला निम्म्याहून जास्त मतं नाहीत तर पहिल्या दोघांत परत मतदान), २०२३ मध्ये इलेक्शनच्या चार महिने आधी परत एकच फेरी केली. म्हणजे नियम होते, पण ज्याने पाळायचे तोच पाहिजे तेव्हा बदलत होता. आणि निकालावर तक्रार घेऊन जायचं ते घटना कोर्टात, तिथे १९९१ पासून २०२३ पर्यंत एकच अध्यक्षा होत्या. लोक त्या कोर्टाला पिसाचा मनोरा म्हणायचे, कारण ते कायम एकाच बाजूला कललेलं असायचं.

२०१६ चं उदाहरण देतो, मी तेव्हा नव्हतो पण तिथे अजूनही सगळे तेच सांगतात. अली बोंगो आणि विरोधी उमेदवार ज्याँ पिंग यांच्यात साडेपाच हजारांच्या आसपास मतांचा फरक जाहीर झाला. आणि बोंगोंचा स्वतःचा प्रांत ओत-ओगोवे, तिथे मतदान झालं म्हणे ९९.९३ टक्के. आपल्याकडे ग्रामपंचायतीलासुद्धा एवढं होत नाही हो, कोणीतरी आजारी असतं, कोणी गावाला गेलेलं असतं. त्या रात्री लिब्रेव्हिलमध्ये संसदेच्या इमारतीला आग लावली लोकांनी. कोर्टाने नंतर निकाल कायम ठेवला.

मग २०२३. हे मी पाहिलंय. मतदान २६ ऑगस्टला, शनिवारी. त्याआधी थोडेच आठवडे नवीन नियम आला की राष्ट्राध्यक्ष आणि खासदार दोघांसाठी एकच मतपत्रिका. तिथे आपल्यासारखं मशीन नाही, प्रत्येक उमेदवाराची वेगळी चिठ्ठी असते, आपल्याला हवी ती पाकिटात घालायची आणि पाकीट पेटीत टाकायचं. तर या नव्या नियमाने तुम्ही आपल्या भागातला खासदार निवडला की त्याच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षालाही आपोआप मत. विरोधकांचे मुख्य उमेदवार होते प्रोफेसर आल्बेर ओन्दो ओसा, ते कुठल्या पक्षाच्या तिकिटावर नव्हते, अपक्ष, मग त्यांना मत द्यायचं तर खासदार कोणता निवडायचा? आमच्या कँटीनमध्ये यावर दोन दिवस वाद चालला होता, एकाने टिश्यू पेपर फाडून चिठ्ठ्या करून दाखवल्या, तरी कोणाला नीट उमजेना.

शनिवारी संध्याकाळीच इंटरनेट बंद झालं, रविवारपासून संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कर्फ्यू. साधा कॉल लागायचा पण भारतात लावला की बॅलन्स उडायचा, आईला मी फक्त "बरा आहे" एवढं सांगून फोन ठेवला. मंगळवारची रात्र उलटली, बुधवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास, सगळा देश झोपलेला असताना, टीव्हीवर निकाल वाचून दाखवला: अली बोंगो ६४.२७ टक्के. त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या चॅनेलवर डझनभर सैनिक उभे, इलेक्शन रद्द, सरकार, संसद, सिनेट, घटना कोर्ट सगळं बरखास्त. आम्ही क्वार्टर्समध्ये एकमेकांना उठवून टीव्ही बघत होतो, फ्रेंच अर्धवट कळत होतं, वॉचमन येऊन म्हणाला "से फिनी", संपलं.

हे करणारा कोण, तर राष्ट्राध्यक्षाचं संरक्षण करणाऱ्या रिपब्लिकन गार्डचाच प्रमुख, जनरल ब्रिस ओलिगी न्गेमा. कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणू, पण तिथे सकाळी लोक रस्त्यावर नाचत होते, सैनिकांना मिठ्या मारत होते, आणि तो आनंद खोटा नव्हता हे मी छातीठोक सांगतो. आमच्या भागात गोळी चाललेली मी ऐकली नाही. त्याच दिवशी इंटरनेट परत आलं, शनिवारी बॉर्डर उघडली, आणि पुढच्या आठवड्यात आमची मशीनं रोजच्यासारखी चालू झाली.

आता जी व्यवस्था आहे ती नवीन घटनेची. १६ नोव्हेंबर २०२४ ला सार्वमत झालं, हिरवी चिठ्ठी म्हणजे हो आणि लाल म्हणजे नाही, ९१ टक्क्यांहून जास्त लोकांनी हिरवी टाकली. त्या घटनेने पंतप्रधानपदच काढून टाकलं. राष्ट्राध्यक्ष हाच देशाचाही प्रमुख आणि सरकारचाही. उपाध्यक्ष दोन, एक देशाचा, एक सरकारचा, दोघांना राष्ट्राध्यक्षच नेमतो. मंत्री तोच नेमतो, नऊ प्रांतांचे गव्हर्नर तोच नेमतो (राज्यपाल समजू नका, हे खरंच कारभार बघतात, त्यांच्या हाताखाली जिल्ह्याला प्रीफे असतो, आपल्या कलेक्टरसारखा), संसदही तो बरखास्त करू शकतो. पंतप्रधानच नाही म्हटल्यावर अविश्वास ठराव आणून सरकार पाडायचं असंही काही उरलं नाही.

चांगल्या गोष्टीही आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर अन्याय होईल. टर्म सात वर्षांची आणि फक्त दोनदा. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला, मुलांना त्याच्या जागी उभं राहता येत नाही. ५६ वर्षं एका घरात काढलेल्या देशाने हे कलम लिहून घेतलं याचं मला खूप मोल वाटतं. उमेदवाराचं वय ३५ ते ७०, आई-वडिलांपैकी एक तरी तिथे जन्मलेलं गॅबोनी हवं, आणि नवरा किंवा बायकोही गॅबोनी. (अली बोंगोंच्या पत्नी मूळच्या फ्रेंच, हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलंच.) माझा तो ऑपरेटर म्हणाला होता, सात आणि सात चौदा, मला मोजता येतात, आधी मोजताच येत नव्हतं.

मला खटकतं ते वेगळंच. इलेक्शन घ्यायचं काम नवीन कायद्याने थेट गृहखात्याकडे गेलं, आणि गृहमंत्री नेमतो राष्ट्राध्यक्ष. सैन्यातल्या माणसाला उभं राहता येईल अशीही सोय त्याच कायद्यात झाली. १२ एप्रिल २०२५ ला मतदान झालं, आठ उमेदवार होते, त्यात अली बोंगोंचे शेवटचे पंतप्रधान बिली-बाय-न्झेसुद्धा, त्यांना ३ टक्क्यांच्या आसपास मतं. ओलिगींना आधी ९० टक्के जाहीर झाली, कोर्टाने शेवटी ९४.८५ केली, आणि मतदानाचा आकडा आधी ८७ टक्के होता तो शेवटी ७० वर आला. ओलिगी लोकप्रिय आहेत याबद्दल मला जराही शंका नाही, रस्ते केले, रखडलेली कामं काढली, ते साध्या मोजणीतही आरामात आले असते. पण मोजणाराही आपलाच माणूस असेल तर उद्या लोकप्रियता घटली की काय, याचं उत्तर या घटनेत मला सापडत नाही. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संसदेची इलेक्शन झाली, ओलिगींनी काही महिन्यांपूर्वीच काढलेल्या पक्षाला बहुमत मिळालं.

तर घरच्यांना सांगा की रस्त्यावर रणगाडे वगैरे काही नाहीत, सरकार नागरी आहे, मंत्रालयं चालतात. रोजच्या आयुष्यात तुमचा सरकारशी संबंध येईल तो नाक्यावर. तिथे शहराबाहेरच्या भागांना किलोमीटरवरून नावं आहेत, पेका ८, पेका १२, आणि न्कोक २७ वर, त्या रस्त्यावर जेंडार्म, म्हणजे लष्करी पोलीस, गाडी थांबवून कार्त द सेजूर मागतात, म्हणजे राहण्याचा परवाना. त्याची ओरिजिनल कायम खिशात ठेवा, मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून कंपनीच्या मागे लागा, माझी एकदा चार दिवस मुदत संपलेली होती आणि भर उन्हात दोन तास उभं राहावं लागलं. थोडं कामचलाऊ फ्रेंच इथूनच शिकून जा. आणि तिथे असताना कुठलीही इलेक्शन आली तर आठवड्याचा तांदूळ, डाळ, पाणी, थोडी कॅश आणि फोनला साधा बॅलन्स शुक्रवारीच भरून ठेवा.