थाई बोलायचंय? वाचक विचारतात, आम्ही सांगतो

यावेळच्या टपालात थाई भाषेवर तीन पत्रं आली आणि तिन्ही कोकणातलीच निघाली. एक तारकर्लीचे स्कुबावाले, एक दापोलीकडची नर्सरीवाली ताई, एक अलिबागचे निवृत्त मास्तर. माझं थायलंडला जाणं-येणं कोळंबीच्या धंद्यापायी, तेव्हा मी सांगतेय ती बाजारातली आणि जेट्टीवरची थाई, कॉलेजातली नव्हे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: ताई, पावसाळ्यात आमचं समुद्रात उतरणं बंद असतं म्हणून जून-जुलैत मी थायलंडच्या को ताओ बेटावर डायव्हिंगच्या कोर्सना जातो. डाइव्ह शॉपात सगळे इंग्लिश बोलतात त्यामुळे अडत नाही, पण बोटीवरची माणसं, खानावळ, जेट्टीवरचा टॅक्सीवाला, इथे बोलायचं म्हटलं की गाडी अडते. ॲपवरून इंग्रजी अक्षरांत लिहिलेले शब्द पाठ केलेत पण बोललो की समोरचा नुसता हसतो. त्यात ते टोनचं, म्हणजे आवाजाच्या चढउताराचं, ऐकून घाबरायला झालंय. आता तुम्हीच सांगा, क्लास लावू की नको?

उत्तर: दादा, सीझन बरोबर पकडलात. आपल्याकडे आणि फुकेतच्या बाजूला पाऊस कोसळत असतो तेव्हा को ताओचा समुद्र शांत, कारण ते बेट थायलंडच्या आखाताच्या बाजूला, तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा.

क्लासचं नंतर बघू, आधी ती इंग्रजी अक्षरांतली यादी फेकून द्या. समोरचा हसतो त्यात अर्धा दोष त्या यादीचा. थाईत क आणि ख, त आणि थ, प आणि फ, च आणि छ हे आपल्यासारखेच वेगळे आवाज आहेत. गोऱ्या लोकांना हा फरक कानाला कळायलाच किती वेळ जातो आणि आपण तो पहिलीत पाटीवर गिरवलाय, पण रोमनमध्ये वाचायला गेलो की हातातलं भांडवल आपणच घालवतो. सात म्हणजे चेत आणि हत्ती म्हणजे छाङ, रोमनमध्ये दोन्हीला सी-एच. फुकेतचं स्पेलिंग पी-एचने, पण तो फणसातला फ, ओठ मिटून म्हणायचा, फॅनमधला नाही. च पण चारमधला, चाकातला नाही. तेव्हा सरळ शंभर पानी वही घ्या, देवनागरीत लिहा आणि प्रत्येक शब्दावर पेन्सिलने टोनचा छोटा बाण काढा. दोन आवाज मात्र आपल्याकडे नीट नाहीत, एक शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ (रंग म्हणताना ग गिळून बघा, जमेल) आणि दुसरा तो विचित्र ऊ, जो ओठ गोल न करता हसल्यासारखे ताणून म्हणायचा. एक म्हणजे नुङ, त्यातला उ हाच. आरशासमोर बसा, घरचे हसतील, हसू द्यात.

आता टोन. एकूण पाच, सपाट, खालचा, पडणारा, वरचा आणि चढणारा. आपण नाही का, हाक आली की एक 'हो', शंका आली की 'हो?', वैतागलो की 'होऽ', तसंच, फक्त आपल्याकडे त्याने मूड बदलतो आणि तिकडे अर्थच बदलतो. क्लाइ सपाट म्हटलं तर लांब, आणि वरून खाली पाडत म्हटलं तर जवळ! म्हणजे हॉटेल किती लांब हे टॅक्सीवाल्याकडून ऐकताना तरी कान उघडे हवेत. पण घाबरू नका असं मी का म्हणते, तर वाक्यातली जागा पुष्कळ वेळा वाचवते. माइ पाडून म्हटलं की 'नाही' आणि ते शब्दाच्या आधी येतं, माइ चढवून म्हटलं की प्रश्न आणि ते वाक्याच्या शेवटी येतं. फेत माइ, तिखट आहे का? माइ फेत, तिखट नाही. टोन चुकला तरी खानावळवालीला कळतंच.

खरी खोट आपली दुसरीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. प्रश्न विचारताना आपला आवाज आपोआप शेवटी वर जातो, घाबरत बोललो की सगळीच वाक्यं वर जातात, मग शेवटच्या शब्दाचा टोन गेला बोंबलत. म्हणून सुटे शब्द पाठ करू नका, आख्खं वाक्य एखाद्या थाई माणसाच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्या आणि गाण्याची चाल बसवतो तसं बसवा, अर्थ नंतर. ही तीन आधी: फूत छाछा नॉय, म्हणजे जरा हळू बोला. ईक थी, पुन्हा एकदा. आणि अन नी रिआक वा अराइ, ह्याला काय म्हणतात. हे शेवटचं आलं ना की बोटीवरचा प्रत्येक माणूस तुमचा मास्तर, दोरीकडे बोट दाखवा, विचारा, तो सांगेल, तुम्ही म्हणा, तो दुरुस्त करेल, वहीत लिहा. असे बोटीवरचे शब्द चटकन बसतात. समुद्र थले, वारा लोम, पाऊस फ़ोन (हा मात्र फॅनमधला), मासा प्ला, कासव ताओ, म्हणजे तुमच्या बेटाचंच नाव. हवेची टाकी थङ आकात, त्यातला आकात म्हणजे आपलं आकाश. सकाळी वन नी ख्लून याइ माइ, आज लाटा मोठ्या आहेत का, एवढं विचारून बघा, पुढचं अर्धं कळणार नाही पण गप्पा सुरू होतात.

प्रत्येक वाक्यामागे ख्रप लावायचं, बोलताना र गिळून नुसतं खप होतं. ते नसलं तर बोलणं उर्मट वाटतं. हाक मारताना वयाने मोठा तो फी, लहान तो नॉङ, आपलं दादा आणि बाळा हो. बाईमाणसाला पा म्हणजे मावशी म्हणताना मात्र जपून, चाळिशीच्या बाईला पा म्हणालात तर भात थंडच येणार, फी म्हणा. आणि एक, को ताओवर काम करणारी बरीच माणसं म्यानमारची आहेत, त्यांचीही थाई शिकलेलीच, तेव्हा समोरच्याला कळलं नाही तर दर वेळी आपलाच दोष धरू नका.

राहिला क्लास. अमेरिकन सरकार आपल्या डिप्लोमॅट लोकांना थाईसाठी ४४ आठवडे, ११०० तास धरतं, पण ते इंग्लिश बोलणाऱ्यांसाठी आणि कामकाजाच्या लेव्हलसाठी. तुम्हाला बोटीवर गप्पा मारायच्यात. क्लासपेक्षा एखादा थाई माणूस ऑनलाइन गाठा, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आणि त्याला आधीच सांगा की पुस्तक नको, मी बोलतो तू टोन दुरुस्त कर. बाकी दिवस कान द्यायचा. कॉम्प्रिहेन्सिबल थाई नावाचं यूट्यूब चॅनल आहे, त्यात शिक्षक चित्रं काढून, हातवारे करून फक्त थाईत बोलतात, मे महिन्यात गर्दी ओसरली की संध्याकाळी लावून बसा.

प्रश्न: आमची फळझाडांची नर्सरी आहे, मिस्टरांबरोबर थायलंडमधल्या चंथाबुरीला फळांच्या हंगामात जाणं होतं. भावताव मला करावा लागतो आणि कॅल्क्युलेटर पुढे करून किती दिवस चालवणार? बायकांनी वेगळं बोलायचं असतं म्हणतात ते काय?

उत्तर: ताई, आधी ते बायकांचं. ख्रप पुरुषांचं, आपण खा म्हणायचं, सांगताना पडता टोन आणि विचारताना वरचा. 'मी' साठी पुरुष फोम म्हणतात, आपण छन, पण बाजारात 'मी' कोणी फारसं म्हणतच नाही.

आकडे मात्र आधी, बाकी सगळं नंतर. नुङ, सॉङ, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काउ, सिप. हा म्हणजे पाच म्हणून तिकडची पोरं चॅटवर हसताना ५५५ टाइप करतात, हे एकदा कळलं की पाच विसरत नाही. वीस फक्त यीसिप, बाकी दशक सरळ, सामसिप, सीसिप. शंभर रॉय, हजार फन, आणि मग गंमत, दहा हजाराला वेगळा शब्द मून (तोच ताणलेल्या ओठांचा ऊ) आणि लाखाला पण वेगळा, सॅन. इंग्लिशवाले इथे धडपडतात, आपल्याला लाख घरचाच. दहा लाख लान, पण कोटी नाही, सिप लान म्हणायचं.

भाव विचारताना किलो-ल थाउराइ, किलोला कितीला. मग लोत दाइ माइ, कमी होईल का. मोजताना वस्तूचं नाव आधी, आकडा मग, आणि शेवटी मोजायचा शब्द. आपण दोन नग म्हणून भागवतो, तिकडे प्रत्येक प्रकाराला वेगळा. रोपाला-झाडाला तोन, फळाला लूक, माणसाला खोन, बोटीला लम. तेव्हा दोन ड्युरियन म्हणजे थुरिअन सॉङ लूक. रामबुतान ङॉ, मँगोस्टीन मङखुत. ड्युरियनवाली हातातल्या काठीने फळावर ठकठक वाजवून आवाजावरून पिकलंय का सांगते, तेव्हा घाई न करता बाजूला उभं राहून ऐका, गिऱ्हाईक आणि ती काय बोलतात ते. अर्ध्या तासात तीच पाच-सहा वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि एवढी चांगली शिकवणी फुकट कुठे मिळणार!

विचारलं नाहीत तरी सांगते, रोपं बॅगेत घालून आणू नका. आपल्या सरकारच्या २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आधी आयातीचा परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी, म्हणजे रोपं निरोगी असल्याचं, सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर थाईही चालणार नाही आणि मराठीही.

प्रश्न: मी ३० वर्षं संस्कृत शिकवलं. मुलगा बँकॉकला असल्याने वारंवार जाणं होतं. थाईत संस्कृत शब्द पुष्कळ आहेत असं ऐकतो, तर मला भाषा सोपी जाईल का? लिपी शिकावी का? शिवाय आम्ही शाकाहारी, त्याचे हाल होतात.

उत्तर: सर, सोपी जाणार नाही, पण मजा भरपूर येईल. रविवार वन आथित, सोमवार वन चन, बुधवार वन फुत. एप्रिल मेसायोन, ऑगस्ट सिङहाखोम, मेष आणि सिंह ओळखलेतच. पण लिहितात तसं बोलत नाहीत, चंद्रमधला द्र लिहायचा आणि गिळायचा. ज्या विमानतळावर तुम्ही उतरता त्या सुवर्णभूमीचं ते सुवन्नफूम करतात. आणि हे सगळं पाट्यांवरचं, बातम्यांतलं. रस्त्यावर लागतात ते किन, पाइ, मा, नोन, म्हणजे खाणं, जाणं, येणं, झोपणं, आणि तिथे पाणिनी काही मदतीला येत नाही. इंग्लिश शब्दांचीही तीच गत, शेवटचा ल तिकडे न होतो, बिल मागताना छेक बिन म्हणा, लगेच येईल.

लिपी मात्र तुम्ही जरूर शिका, तारकर्लीच्या दादांना मी थांबा म्हणेन पण तुम्हाला नाही. ४४ व्यंजनं आहेत आणि क्रम आपलाच, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. पोरं पाठही को काइ, खो खाइ अशी करतात, क कोंबडीचा, ख अंड्याचा, आपल्या क कमळातलासारखं. त्रास आहे तो शब्दांमध्ये जागा न सोडण्याचा, आणि कोणत्या गटातलं व्यंजन त्यावर टोन ठरतो त्याचा. पण नियम पाळून चालणारी व्याकरणं तुम्हाला नवीन नाहीत.

जेवणाचं नीट ऐका. मङसविरत म्हणजे मांसविरती, तुमचाच शब्द, पण ते म्हटलं तरी अंडं चालतं असं धरतात आणि नम प्ला, म्हणजे माशाचं सॉस, सवयीने पडतं. माइ साइ नम प्ला, नम प्ला घालू नका, हे वेगळं सांगायचं, पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोळंबी असते त्यासाठी माइ साइ कुङ हॅङ. सगळ्यात सेफ शब्द चे, चिनी परंपरेतला कडक शाकाहार, त्यात अंडं, दूध काहीच नाही. साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस हा उत्सव असतो, फुकेतला मोठा आणि बँकॉकलाही चायनाटाऊनमध्ये जोरात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ते लिहिलेलं दिसलं की खुशाल बसा, फक्त कांदा-लसूण मागू नका, चे मध्ये तोही वर्ज्य असतो.