पहिली रायफल तुमच्या खांद्याला बसणारी हवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा महिन्यांनी कुटुंबासह न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहायला येताय, नव्या कामावरचे सहकारी हरणांच्या शिकारीला जातात, आणि त्यातल्या एकाने सांगितलंय की पहिलीच रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम (मोठ्या, जोरदार काडतुसाची) घ्या, म्हणजे पुन्हा दुसरी घ्यायला नको. तुम्ही आजवर रायफल हातात धरलेली नाही. तर हा सल्ला ऐकावा का?

ऐकू नका. तो सांगणारा माणूस चांगलाच असेल, त्याच्या हातात ती रायफल शोभतही असेल, पण पहिली रायफल म्हणून मॅग्नम घेण्याची चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत एका हरिणीने मोजली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला वाटायचं, जनावर मोठं तर काडतूसही मोठं हवं. वजनाला हलकी .३०० मॅग्नम घेतली, कारण डोंगर चढायचा होता. तिचा धक्का .३०८ या मध्यम काडतुसाच्या साधारण दीडपट असतो, आणि रायफल हलकी असली की तो आणखी जाणवतो. पहिल्याच दिवशी वीस गोळ्या झाडल्या आणि खांदा काळानिळा झाला. त्यानंतर सराव आपोआप कमी होत गेला. दुसऱ्या वर्षी एका हरिणीवर दीडशे मीटरवरून गोळी झाडली. ती पोटात मागे लागली. संध्याकाळपर्यंत रक्ताचे थेंब शोधत मी झुडपांतून फिरलो, अंधार पडला, आणि ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. तो दिवस मी विसरलेलो नाही.

दोष कुठे होता ते नंतर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, कळलं. एका जाणत्या शिकाऱ्याने माझ्या मॅगझिनमध्ये मला न सांगता एक डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस घातलं. मी नेम धरला, चाप ओढला, स्फोट झालाच नाही, आणि तरीही नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली दबलं. डोळेही मिटले होते. धक्का बसणार या भीतीने शरीर आधीच आक्रसत होतं. हे स्वतःला कधीच जाणवत नाही, कारण खरी गोळी सुटते तेव्हा आवाजात आणि धक्क्यात सगळं झाकलं जातं. एकदा ही सवय लागली की काढायला फार कष्ट पडतात. मी ती रायफल विकली आणि वर्षभर फक्त .२२ या छोट्या, जवळजवळ धक्का नसलेल्या काडतुसावर सराव केला.

आता काय घ्यावं ते सांगतो. बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करून पुढचं काडतूस भरायची, आणि काडतूस .३०८ विंचेस्टर किंवा ७ मिमी-०८ रेमिंग्टन. पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकचा विचारच नको. क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या गोळीबारानंतर २०१९ साली मोठ्या काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली सामान्य परवान्यावर ठेवणं इथे बंद झालं, आणि शिकारीला त्यांची गरजही नाही. बोल्ट साधा, मजबूत, पावसाचिखलात चालणारा. शिवाय तो उघडून मागे ओढला की रायफल झाडता येणार नाही हे शेजारच्या माणसालाही लांबून दिसतं.

.३०८ हे १९५२ सालचं काडतूस. त्यातली १५० ग्रेनची गोळी म्हणजे दहा ग्रॅमला जरा कमी, आणि ती सेकंदाला साधारण ८५० मीटरने सुटते. इथलं लाल हरीण, अगदी शंभर किलोच्या वरचा नरसुद्धा, तिने व्यवस्थित पडतं, फक्त ती पुढच्या पायामागे, हृदय-फुप्फुसांच्या जागी लागली पाहिजे. ती जागा हरणावर वीतभर रुंद असते. मॅग्नमने ती मोठी होत नाही. इथल्या दाट जंगलात बहुतेक हरणं शंभर मीटरच्या आतच दिसतात, कधी कधी तर तीस मीटरवर समोर उभं ठाकतं. २०० मीटरला स्कोप झिरो केलेल्या (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल असा जुळवलेल्या) .३०८ ची गोळी ३०० मीटरवर साधारण वीतभर खाली उतरते, म्हणजे नवशिक्याने ज्या अंतरापलीकडे झाडूच नये तिथवर ती सहज पुरते.

७ मिमी-०८ हे .३०८ च्याच काडतुसाचं तोंड अरुंद करून बनवलेलं. धक्का थोडा कमी आणि हरणासाठी तितकंच कामाचं. तुमची पत्नीही शिकणार असं लिहिलंय, मग मी याचाच विचार आधी करीन. .२४३ आणखी मऊ, पण त्याची गोळी हलकी असते आणि नेमातली लहानशी चूकही ती पोटात घालत नाही, म्हणून मोठ्या नरासाठी पहिलं काडतूस म्हणून मी ते सुचवत नाही. ६.५ क्रीडमूर उत्तम आहे, हवं तर घ्या. .३०८ च्या बाजूने एक साधं कारण आहे: त्याची काडतुसं लहान गावातही मिळतात.

तुम्ही ताहरबद्दलही विचारलंय. हा आपल्या हिमालयातलाच डोंगरी प्राणी, १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडला आणि तिथल्या कड्यांवर फोफावला. इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे मूळ सस्तन प्राणीच नव्हते, त्यामुळे हरीण, ताहर, शॅमॉय (बकरीसारखा डोंगरी प्राणी) हे सगळे बाहेरून आणलेले, आणि स्थानिक वनस्पतींचं त्यांनी फार नुकसान केलंय. ताहरवर गोळी लांबून झाडावी लागते हे खरं, पण तिथे आधी कमी पडतात ते पाय आणि सराव. .३०८ ने ताहर मारणारी माणसं भरपूर आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात कुणी फारसं सांगत नाही ते. रायफल तुमच्या शरीराच्या मापाची हवी. बोल्ट काढायला सांगा, किंवा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं, बूड कोपराच्या खाचेत टेकवा आणि बोट चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज आलं तर लांबी बरोबर. ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे. कमी उंचीच्या माणसाला बऱ्याच रायफलींचा दस्ता लांब पडतो, वर जाड जॅकेट घातलं की आणखीच. पुढची परीक्षा अशी: डोळे मिटा, रायफल सुरक्षित दिशेला धरून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल प्रकाश दिसला पाहिजे. मान वर-खाली करून तो शोधावा लागत असेल तर ती रायफल परत ठेवा, मग ती कितीही देखणी असो. तिक्का टी३एक्स आणि होवा १५०० या दोन इथे खूप चालतात, पण नावापेक्षा या परीक्षेवर जास्त विश्वास ठेवा.

नळी स्टेनलेस आणि दस्ता सिंथेटिक घ्या. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस अक्षरशः थांबत नाही, लाकडी दस्ता फुगतो आणि नेम सरकतो. इथे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि जवळजवळ प्रत्येकाकडे असतो. तो लावाच. आवाज आणि धक्का दोन्ही उतरतात, म्हणजे ती आक्रसण्याची सवय लागायची शक्यताही कमी होते. कानांचं संरक्षण तरीही हवंच.

स्कोप ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची) पुरतो. पण पाहायला वेगळी दुर्बीण घ्या, हे मी हात जोडून सांगतो. स्कोपमधून एखादी हालचाल न्याहाळायची म्हणजे त्या हालचालीवर रायफल रोखायची. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये नर डरकाळ्या फोडतात, तेव्हा जंगल शिकाऱ्यांनी भरलेलं असतं आणि हरीण समजून आपल्याच साथीदारावर गोळी झाडल्याचे प्रकार इथे घडले आहेत. इथल्या सुरक्षेच्या नियमांपैकी एक म्हणतो की लक्ष्य निःसंशय ओळखा. कान दिसला, तपकिरी रंग दिसला, फांदी हलली, एवढ्यावर चाप ओढायचा नाही. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही.

परवाना आल्याआल्या मिळणार नाही. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, मुलाखत, तुम्हाला ओळखणाऱ्यांची साक्ष, आणि घरी रायफल कुठे ठेवणार याची पाहणी, हे सगळं होतं. कुलूपबंद तिजोरी पक्की बसवा, काडतुसं वेगळी ठेवा. जून २०२३ पासून शस्त्रांची नोंदणीही सुरू झाली आहे. सरकारी संवर्धन क्षेत्रात शिकारीचा परवाना डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो, त्याची काळजी नको.

परवान्याची वाट पाहण्याचा काळ वाया घालवू नका. परवानाधारक शेजारी उभा राहून लक्ष देत असेल तर तुम्हाला रेंजवर त्याची रायफल चालवता येते. त्या सहकाऱ्यांना गळ घाला आणि .२२, ७ मिमी-०८, .३०८, सगळ्यांच्या पाच-पाच गोळ्या झाडून पाहा. मॅग्नमही झाडा, शेवटी. आणि कुणाला तरी मॅगझिनमध्ये एक डमी घालायला सांगा, कितवी ते तुम्हाला कळू न देता. नळी खाली दबली नाही ते काडतूस तुमचं.