एडीएचडी आणि खाणं: सुरुवात एवढ्यावरच करा

ताई, मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ) आहे म्हणून गहू, दूध, साखर सगळं एकदम बंद करू नका. मी तेच केलं होतं. लेकाचं वजन उतरलं, घरात रोज रडारड, आणि फरक नक्की कशाने पडला तेही कळेना.

आधी सकाळ सांभाळा. चहा-बिस्किटावर शाळेत पाठवू नका. मुगाचं धिरडं, अंडं, शेंगदाण्याची चटणी-भाकरी, काहीतरी पोटभर. मेथिलफेनिडेट (एडीएचडीवरचं औषध) चालू असेल तर दुपारी भूक मरते, म्हणून नाश्ता गोळीच्या आधी आणि रात्रीचं जेवण दमदार.

मग खाण्यातले कृत्रिम रंग. पाकिटामागे त्यांचे १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा. २००७ च्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात असे रंग आणि सोडियम बेंझोएट (खाणं टिकवणारा पदार्थ) यांच्या मिश्रणाने काही मुलांची चुळबुळ वाढली होती, सगळ्यांची नाही. तीन आठवडे टाळून बघा, वहीत लिहा, वर्गातल्या बाईंनाही विचारा.

साखरेने मुलं जास्त चुळबुळी होतात म्हणून तिला मात्र उगाच बदनाम करतात. (दातांसाठी कमी करा, ते वेगळं.)

- फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी डॉक्टरांना विचारून करा. लोहाच्या गोळ्या मनाने नकोत.
- आहार बदलला म्हणून औषध थांबवू नका.

ओमेगा-३ चं नंतर बोलू.