विमान आधी उलटं करून बघा

प्रश्न : ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. वाढदिवसाला त्याला ‘विमानाचा रोबो होतो ते’ हवंय. इथल्या पेठेत एक साडेतीनशेला मिळतंय, खोक्यावर ना कंपनीचं नाव ना पत्ता. ऑनलाइन ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या खेळण्यांच्या मालिकेतला स्टारस्क्रीम, म्हणजे असाच विमानाचा रोबो, साडेतीन हजारांना दिसतो. रंग तोच, उंचीही साधारण तीच. मग दहापट पैसे कशाचे? हे म्हणतात, चार दिवसांत मोडणारच आहे, स्वस्तातलं घे. घरात दीड वर्षाची धाकटीही आहे. — एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या ह्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्वस्तातलं लवकर मोडतं आणि महागातलंही मोडू शकतं. पण कुठे मोडणार, हे विकत घेण्याआधी बरंचसं कळतं. मी नाशिकच्या सातपूरला प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला होते, त्यामुळे खेळणं हातात आलं की माझी नजर आधी सांध्यांवर जाते, चेहऱ्यावर नंतर.

पहिली गोष्ट, विमान उलटं धरा. वरून सगळीच छान दिसतात. रोबोचे हातपाय, डोकं, छाती हे सगळं विमानात कुठेतरी कोंबावं लागतं आणि लढाऊ विमान तर चपटं आणि रुंद. म्हणून बहुतेक ठिकाणी ते पोटाखाली घडी होऊन बसतं. थोडं दिसणारच, त्याला दोष देऊ नका. प्रश्न असा की ते घट्ट बसलंय की नुसतं लोंबतंय? विमान हातात धरून हलकेच हलवा. पाय खुळखुळले किंवा पंखांच्या फटी उघडल्या, तर रोबो कितीही रुबाबदार असला तरी विमान म्हणून ते नापास. मुलं हे खेळणं विमान करूनच घरभर पळवतात, निदान आमच्या इमारतीतली तरी.

स्टारस्क्रीमचं मूळ विमान खरं आहे : अमेरिकेचं एफ-१५ हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स आणले तेव्हा त्यातली बरीच खेळणी जपानच्या टाकारा कंपनीच्या डायक्लोन मालिकेतून घेतलेली होती, हे विमानही त्यातलंच. एकाच साच्यातून रंग बदलून तीन पात्रं काढली : स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प. साचा ही सगळ्यात महाग वस्तू, त्यामुळे हा हिशोब मला पूर्ण पटतो. त्या जुन्या खेळण्यात मुठी आणि पंख वेगळे काढून लावावे लागत. म्हणजे पलंगाखाली जाऊन हरवायला आयतेच. आताच्या बहुतेक आवृत्त्यांत मुठी मनगटातच दुमडून आत जातात. असं एक सोपं वळण बसवायला दोन जादा भाग, एक पिन आणि साच्यात तितकी नेमकी मापं लागतात. दहापटीतले काही पैसे तिथे गेले.

काही पैसे मात्र खेळण्यात नाहीतच. आयात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेली आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे दहापट किमतीला दहापट चांगलं खेळणं मिळतं, असं समजू नका.

आता सांधे. गुडघा, खांदा, पंखाची बिजागरी एकेक हलवून बघा. टकटक करत अडकणारा सांधा जास्त टिकतो. नुसत्या गोळ्यावर फिरणारा पुढे सैल पडतो, पण तो घरी दुरुस्त होतो. बिजागरीपाशी प्लास्टिकवर पांढरी रेघ दिसली तर खेळणं लगेच खाली ठेवा. तिथे प्लास्टिक आधीच ताणलं गेलंय. पारदर्शक प्लास्टिक कॉकपिटच्या काचेपुरतंच असावं, त्यातून पिन गेलेली नको. ते कडक असतं, वाकत नाही, थेट तडकतं. आणि जोडाच्या कडेवरून बोट फिरवा. साच्यातून बाहेर पडलेली पातळ पापडी टोचली, तर तो माल कोणी तपासलेलाच नाही.

पेठेतल्या त्या खोक्यावर आयएसआयची खूण आहे का? १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे, देशी असो की परदेशी. खूण नाही, नाव नाही, पत्ता नाही, म्हणजे रंगात काय घातलंय आणि कडा कोणी तपासल्या, हे विचारायचं कोणाला? ते नको.

धाकटीचं लिहिलंत ते बरं केलंत. खेळण्याचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं असतं. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी घशात अडकणारी धरतात. या विमानांची क्षेपणास्त्रं आणि बंदुका त्यात सहज मावतील. त्या सुट्ट्या होत असतील तर डब्यात भरून वरच्या फळीवर. दिवे-आवाज असलेलं असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना, ते बघाच. बटण सेल पोटात गेला तर रात्र काढायची नाही, लगेच दवाखाना.

माझं मत विचाराल तर साडेतीनशेचं अजिबात नको आणि साडेतीन हजारांचंही या वर्षी नको. त्या आकाराच्या खेळण्यांवर वय आठच्या पुढचं लिहितात आणि घड्याही बऱ्याच असतात. रोबो करायला बाबा, पुन्हा विमान करायला बाबा, असं झालं की आठवड्यात ते कपाटावर जातं. याच मालिकेत कमी घड्यांची, लहान आकाराची विमानं मिळतात. आयएसआयची खूण बघून त्यातलं घ्या आणि पहिल्या दुपारी कागदावरच्या चित्रांसकट त्याच्या हातात द्या. तुम्ही दोघं हात लावू नका.

प्रश्न : माझ्या लहानपणचं पांढरं-करडं जेट-रोबो माळ्यावर सापडलं. पिवळं पडलंय, हात लुळे झालेत. खोबरेल लावू का? — पंचेचाळिशीतला वाचक, ठाणे

उत्तर : खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेलही नको. काही प्लास्टिकं तेलाने तडकतात, आणि सैल सांध्याला तेल देऊन तो आणखी सैलच होणार. हात काढता येत असेल तर गोळ्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. घाई केलीत तर हात कायमचा चिकटेल. पिवळेपणा उन्हाने आणि हवेने येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून खेळणं उन्हात ठेवलं तर तो जातो, पण काही काळाने पुन्हा येऊ शकतो, आणि तेवढ्यात स्टिकर मात्र खराब होतील. मी असते तर पिवळंच ठेवलं असतं.

प्रश्न : आमच्या घरावरून सुखोई जातात. सुखोईचा आणि तेजसचा रोबो का मिळत नाही? मला करायचा आहे. — इयत्ता पाचवी, ओझर

उत्तर : अरे वा, तू तर ही विमानं बनतात तिथेच राहतोस! सुखोई-३० एमकेआय ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये याच नाशिकजवळच्या कारखान्यातलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. रोबो करायचा तर सुखोईपासून सुरुवात कर. त्याला इंजिनं दोन, म्हणजे पाय तयारच. एफ-१५ चंही तसंच. जपानच्या शोजी कावामोरींनी रेखाटलेल्या, १९८२ साली ‘मॅक्रॉस’ या कार्टून मालिकेत आलेल्या व्हीएफ-१ या काल्पनिक विमानातही इंजिनंच पाय होतात. तेजसला इंजिन एकच आणि मागे आडवी शेपटी नाही. त्यामुळे एकच इंजिन उभं चिरून दोन पाय काढावे लागतील, किंवा पाय पोटाखाली लपवावे लागतील. ते जास्त अवघड.

जाड पुठ्ठा घे, सुखोईचं वरून दिसणारं चित्र काढ, पाय, पंख आणि नाक वेगळे काप आणि फायलीला लावतात तशा दुमडायच्या पितळी पिनांनी जोड. नाक खाली वळवून छाती करता येईल. डोकं कुठे लपवायचं ते मात्र कापायच्या आधी ठरव. मी पाहिलेल्या विमानांत सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच असते. झालं की विमानाचा फोटो खालूनही काढून पाठव.